प्रकल्प नोंदी: पुण्यात जुळलेली एक १२४

२१ जानेवारी २०२४, रविवार

गाडी अजून नाही, वही मात्र आणली आहे. बायको म्हणाली, "बरंय, वहीला पार्किंग लागत नाही."

ठरलंय एवढंच: मर्सिडीज १२४, पेट्रोल, आणि सगळं धरून पाच लाख. 'सगळं धरून' ऐकल्यावर कोल्हापूरचे दादा फोनवर बराच वेळ हसत होते. त्यांच्याकडं वडिलांच्या वेळची फोक्सवॅगन बीटल आहे आणि जुन्या जर्मन गाड्यांपायी त्यांनी काय काय विकलं, हे त्यांच्या घरात कुणी मोठ्यानं बोलत नाही. म्हणाले, "गाडीला जेवढे देशील तेवढेच परत बाजूला ठेव. आणि रंग बघायच्या आधी नंबर बघ. बीटल असली तर मागची सीट उचलायची, मधल्या बोगद्यावर नंबर ठोकलेला असतो. काच बघून वर्ष सांगणारे पुष्कळ भेटतील."

काच बघूनही थोडं कळतं, हे त्यांनीच मग सांगितलं. मागं दोन तुकड्यांची काच असेल तर मार्च १९५३ च्या आधीची, अंडाकृती असेल तर १९५७ पर्यंतची, चौकोनी असेल तर त्यानंतरची. पण काच बदलता येते, आणि पत्रा कापून चौकोनाची अंडाकृतीही करता येते.

१२४ च का, तर पिंपरीमुळं. मर्सिडीज-बेंझ इंडिया १९९४ ची, आणि १९९५ पासून टेल्कोच्या (आताची टाटा मोटर्स) आवारात त्यांची पहिली गाडी जुळायला लागली ती हीच. मी तेव्हा पीसीएमटीच्या बसच्या खिडकीतून बघायचो. चाकणचा कारखाना फार नंतरचा, २००९ चा. गंमत अशी की १२४ जर्मनीत आली १९८४ च्या अखेरीला. म्हणजे तिकडं निरोपाची तयारी चाललेली असताना इकडं बारसं झालं.

२६ जानेवारी, शुक्रवार

पहिली गाडी. पुण्यातलाच एक गाड्या विकणारा, नाव लिहीत नाही. पांढरीशुभ्र, टायर काळे कुळकुळीत, डिकीवर 'ई ३२०'. म्हणे जर्मनीहून आणलेली.

"बिल ऑफ एंट्री आहे का?" विचारलं. बाहेरून आणलेल्या गाडीचा तो जन्मदाखला. त्यावर "कागद सगळे ओके आहेत सर" असं उत्तर आलं. कुठलाही ठरावीक कागद मागितला की 'सगळे' कागद ओके असतात.

बोनेट उघडलं. ई ३२० म्हणजे ओळीतलं सहा सिलिंडरचं इंजिन, रेडिएटरपासून मागच्या भिंतीपर्यंत लांबलचक. इथं पंखा आणि इंजिन यांच्यात माझा आख्खा हात कोपरापर्यंत गेला. चार सिलिंडर. मागच्या पत्र्याच्या भिंतीवर चासी नंबर ठोकलेला असतो, तो फडक्यानं पुसला: १२४ ०२२. ई ३२० असती तर ०३२ हवं होतं. ०२२ म्हणजे सरळ सरळ ई २२०, आपली नेहमीची.

त्यात वाईट काही नाही, मला ई २२० च हवी आहे. पण रेडिएटरच्या वरच्या आडव्या पत्र्यावर छोटी पट्टी असते, तिच्यावर रंगाचा आकडा असतो. तिथं होतं १९९. म्हणजे निळसर काळा मेटॅलिक. पांढऱ्याचा आकडा वेगळा असतो. काळी गाडी पांढरी झाली, तीही दाराच्या रबराखाली काळी कड ठेवून. लोहचुंबक (फ्रिजवरचा गणपती) उजव्या मागच्या मडगार्डवर लावला तर बाप्पा घसरून खाली आले. म्हणजे रंगाखाली पत्रा नाही, पुट्टी.

विकणारा म्हणाला, "सर, तुम्ही गाडी बघायला आलात का चौकशीला?"

४ फेब्रुवारी, रविवार

मुंबई. खरं तर ही १२४ नव्हे, तिच्या आधीची १२३. कुठल्याशा वकिलातीतून सुटलेली 'डब्ल्यू १२३, ३०० डी, मॉडेल १९८७', किंमत बरी. दादा म्हणाले बघून ये, बघायला पैसे पडत नाहीत. (एक्स्प्रेसवेचा टोल पडतो.)

१२३ ची सलून, म्हणजे चार दारांची डिकीवाली, १९८५ ला बंद झाली. १९८७ असेल तर ते नोंदणीचं वर्ष, बनावटीचं नव्हे. आरसीवर हे दोन वेगळे रकाने असतात आणि जाहिरातीत नेहमी नंतरचंच वर्ष येतं.

डिझेल असेल तर पंपातून निघणाऱ्या बारीक लोखंडी नळ्या मोजायच्या. ३०० डी ला पाच, २४० डी ला चार. मी मोजल्या. चार. परत मोजल्या, कारण मालक शेजारीच उभे होते आणि भले गृहस्थ होते. चासी नंबर १२३ १२३, म्हणजे २४० डी. त्यांनाही माहीत नव्हतं. त्यांनी ती ३०० डी म्हणूनच घेतली होती. डिकीवरचे आकडे काय, कुणालाही बदलता येतात.

मग सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला. हे दादांनी बजावून सांगितलं होतं. बेल्ट रोज अर्धाच बाहेर येतो, उरलेला खांबात गुंडाळलेला असतो, आणि तिथपर्यंत कुणाचा ब्रश पोचत नाही. शेवटची वीतभर पट्टी मातकट, आणि तिच्यावर एक सरळ रेघ, चहाचा कप वहीवर ठेवल्यावर उरते तशी. २६ जुलै २००५. सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला त्या दिवशी ही गाडी तळमजल्यावर होती.

बंद करताना चावी काढली तरी इंजिन चारपाच सेकंद धुगधुगत राहिलं. या डिझेलला बंद करायला व्हॅक्यूम लागतो. नळ्या चिरल्या की ती आपल्या मर्जीनं थांबते. मालकांनी खांदे उडवले, "ती नेहमी असंच करते." मला ती गाडी आवडली होती. घेतली नाही.

७ फेब्रुवारी, बुधवार

रात्री दादांशी दीड तास. त्यातलं कामाचं उतरवून ठेवतो, नाहीतर गाडीसमोर उभं राहिल्यावर काही आठवत नाही.

आधी 'ई' कुठं आहे ते बघायचं. १९९३ पर्यंत नाव असायचं '२३० ई'. आकडा इंजिनाच्या आकाराचा आणि मागचा ई म्हणजे आइनश्प्रिट्सुंग, पेट्रोलचं इंजेक्शन. डिझेल असेल तर त्या जागी डी. १९९३ ला तोच ई पुढं आला आणि वर्गाचं नाव झाला: 'ई २२०'. त्याच वेळी तोंडही बदललं. आधी जाळी वेगळी उभी होती आणि तिच्याच माथ्यावर तारा होता, पुढचे इंडिकेटर केशरी. नंतर जाळी बोनेटच्या पत्र्यातच बसली, तारा बोनेटवर गेला, इंडिकेटर पांढरे झाले. आपल्याकडं जुळलेल्या सगळ्या या दुसऱ्या तोंडाच्या. जुनं तोंड आणि 'ई २२०' असं एकत्र दिसलं तर कुणीतरी हात फिरवलाय.

दारांखालच्या रुंद प्लास्टिकच्या पट्ट्या १९८९ च्या बदलापासूनच्या. डिझाइनप्रमुख ब्रूनो साको यांच्यावरून त्यांना साको पट्ट्याच म्हणतात. दिसायला झकास, पण मागं पाणी आणि चिखल धरतात. पत्रा तिथंच आधी खातो. जॅक लावायच्या चार झाकणांच्या आतही बोट घालून बघायचं.

दिल्लीच्या गाड्या स्वस्त असतात, कारण तिथं पेट्रोल पंधरा वर्षांनी आणि डिझेल दहा वर्षांनी रस्त्यावर चालत नाही. घ्यायला हरकत नाही, पण २८ नंबरचा फॉर्म, म्हणजे एनओसी, हातात पडल्याशिवाय टोकनसुद्धा द्यायचं नाही. "अरे, गाडी येते ट्रकवर दोन दिवसांत, कागद येतो बैलगाडीनं."

१८ फेब्रुवारी, रविवार

वाई. भोसरीचे मेस्त्री सोबत. मेस्त्रींनी उमेदवारी ट्रकवर केली, त्यांचे वडीलही टेल्कोच्या ट्रकवरच. १९५४ च्या करारापासून १९६९ पर्यंत टेल्कोच्या ट्रकवर मर्सिडीजचा तारा असायचा. त्यामुळं मेस्त्रींच्या हिशोबी मर्सिडीज म्हणजे मुळात ट्रक, कार हा नंतर सुचलेला उद्योग.

गाडी डॉक्टरकाकांची. २०१९ ला ते गेले, तेव्हापासून पत्र्याच्या शेडमध्ये उभी. ई २२०, १९९५, पाच गियर. डिकीवर मॉडेलचं नाव नाही, बोनेटवर तारा नाही. तारा कुणीतरी यात्रेत उपटला आणि नाव काकांनी स्वतःच काढून टाकलं होतं. काकू म्हणाल्या, "ते म्हणायचे, ज्याला कळतं त्याला सांगावं लागत नाही, आणि ज्याला कळत नाही त्याला सांगून काय उपयोग."

पाच वर्षांची धूळ, मागच्या सीटवर उंदराचं घरटं, चारही टायर बसलेले. मेस्त्री नाक मुरडत होते. मी नंबर बघत होतो. भिंतीवर १२४ ०२२. रंगाचा आकडा ९०४, गडद निळा, आणि गाडी दारांच्या आतून, डिकीच्या तळाशी, बोनेटखाली सगळीकडं गडद निळीच. सीटबेल्टच्या मुळाशी कापडी लेबल, त्यावर १९९५. मीटर १,१८,४०६ वर. तो आकडा खरा धरायचा नाही, कारण या गाड्यांच्या मीटरमधला छोटा गियर दांड्यावर सरकतो आणि आकडे थांबतात, काटा मात्र चालतो. म्हणून पॅडलचं रबर बघितलं. ब्रेकच्या रबरावरच्या रेघा अजून बोटाला लागत होत्या.

चुंबक सगळीकडं चिकटला, फक्त डाव्या पुढच्या मडगार्डच्या खालच्या टोकाला नाही. तिथं स्क्रूड्रायव्हर टेकवला तर आत गेला. मेस्त्रींचा चेहरा खुलला, एवढ्या वेळात पहिल्यांदाच त्यांच्या ओळखीचं काही सापडलं होतं.

काकूंनी साडेतीन सांगितले. मेस्त्रींनी दोन. मग पोहे आले, आणि पोह्यांनंतर घासाघीस करणं अवघड जातं.

२ मार्च, शनिवार

२,६०,००० ला ठरली. काकूंची एकच अट, सुटे भाग करून विकायची नाही.

कागदांचा क्रम लिहून ठेवतो, कारण एजंटनं पहिल्यांदा उलटा सांगितला. आरसी काकांच्या नावावर. त्यामुळं आधी फॉर्म ३१ वर गाडी काकूंच्या नावानं, मग २९ आणि ३० वर माझ्या. शिवाय नोंदणीची मुदत २०२० ला संपलेली (१९९५ पासून पंधरा वर्षं, मग पाच-पाच), तिचं नूतनीकरण, पर्यावरण कर, आणि आरटीओत गाडी प्रत्यक्ष दाखवणं. गाडी मुळात एमएच १२ ची, त्यामुळं एनओसीची भानगड नाही.

ट्रकवर चढवून आणली. खंबाटकीच्या बोगद्यात मी मागून स्कूटरवर होतो. पाठमोरी, नाव नसलेली गाडी पिवळ्या दिव्यांत लांबवर दिसत होती. मेस्त्रींचा फोन आला: "साहेब, पट्टा ढिला वाटतोय का बघा." पट्टा ठीक होता.

१० मार्च, रविवार

आजचा दिवस वायरिंगचा.

१२४ चं बोनेट सरळ नव्वद अंशांत उभं राहतं, खटका सोडवला की. गाडीत शिरून काम करता येतं. मेस्त्री म्हणाले, "ज्यानं हे केलं त्यानं आयुष्यात कधीतरी स्वतः पाना धरलाय."

१९९२ ते १९९५ च्या सुमाराच्या इंजिन वायरिंगबद्दल १२४ वाल्यांत एकच सल्ला चालतो: चालू करायच्या आधी बघा. वायरवरचं आवरण उष्णतेनं ठिसूळ होतं. बाहेरची काळी नळी चांगली दिसते, फसवते ती तीच. मी इंजेक्टरच्या कनेक्टरजवळ ती नळी दोन बोटं मागं सरकवली. आतली वायर नखानं नुसती हलवली आणि आवरण भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालासारखं हातावर आलं. खाली नुसतं तांबं. शेजारच्या वायरचंही तेच. दोन उघड्या तारा एकमेकींपासून दोन मिलिमीटरवर, आणि त्यांच्या पलीकडच्या टोकाला इंजिनाचा कंट्रोल युनिट, ज्याची किंमत मी बायकोला सांगितलेली नाही.

वाईतच बॅटरी जोडून चावी मारायचा मोह झाला होता. काकूंनाही आवाज ऐकायचा होता. बरं झालं, बॅटरीच नव्हती.

तयार हार्नेस, म्हणजे वायरींची आख्खी जुडी, जर्मनीहून आणायचा तर किंमत, वर कस्टम्स. भाची श्टुटगार्टला आहे, पण तिला आत्ताच कामाला लावलं तर पुढच्या अडचणीला कोण. मेस्त्रींच्या ओळखीचा वायरमन तयार झाला: जुने कनेक्टर ठेवायचे, प्रत्येक वायर त्याच जाडीची आणि त्याच रंगाची, पण उष्णता सोसणारी सिलिकॉनची. अठरा हजार. इंजिनाला हवा सोडणाऱ्या थ्रॉटलच्या डब्यातही तसलीच ठिसूळ वायर असते हे त्याला माहीत नव्हतं. डबा उघडून दाखवला तेव्हा त्यानं फक्त "आयला" म्हटलं आणि वीस केले.

२४ मार्च, रविवार

वायरिंग टेबलावर. एक वायर उरली आहे. वायरमन म्हणतो जादा आहे. जर्मनीची गाडी, जादा वायर कशाला असेल? शोध चालू.

९ एप्रिल, मंगळवार, पाडवा

सापडली. ऑइलच्या पातळीच्या सेन्सरची.

टाकी उतरवून धुतली. जुनं पेट्रोल वार्निशसारखं झालं होतं, वासही तसाच. पंप आणि फिल्टर मागच्या ॲक्सलच्या पुढं, गाडीखाली एकाच झाकणाआड बांधलेले, तिथपर्यंतचे सगळे रबरी होज बदलले. आता पंपावर मिळणाऱ्या इथेनॉलवाल्या पेट्रोलला तीस वर्षांचं रबर फार दिवस तोंड देणार नाही. प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं थोडं तेल घातलं, एक रात्र ठेवलं, हातानं फिरवलं. फिरलं.

दुपारी पावणेदोनला चावी. तिसऱ्या प्रयत्नाला लागली. आधी एक सिलिंडर रुसलेला, मग चारही चालू. मेस्त्रींनी एक्झॉस्टपाशी हात धरला, वास घेतला, आणि काही न बोलता जेवायला गेले. ही त्यांची शाबासकी. काकूंना फोन लावून मोबाइल इंजिनावर धरला. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "पंखा वाजतोय. तो पूर्वीही वाजायचा."

१४ एप्रिल, रविवार

मंगळवार पेठेतला जुना बाजार. उजवा पुढचा इंडिकेटर तडकलेला आहे म्हणून सहज गेलो होतो. नळांच्या आणि मिक्सरच्या भांड्यांच्या ढिगात एक पांढरी काच. विकणारा म्हणाला, "एस्टीमची आहे साहेब, दीडशे द्या."

उलटी केली. या गाड्यांच्या भागावर नंबर असतो: आधी ए, मग तीन आकडे, म्हणजे तो भाग पहिल्यांदा ज्या मालिकेसाठी केला ती मालिका. इथं होतं ए १२४. (आपल्या गाडीत २०१ किंवा १२६ ने सुरू होणारे भाग निघाले तर घाबरायचं नाही. ते १९० आणि जुन्या एस क्लाससाठी आधी बनले, मग इथंही वापरले.) नंबराशेजारी प्लास्टिकमध्येच उमटलेलं घड्याळासारखं वर्तुळ: मधे वर्षाचे आकडे, बाण महिन्याकडं. ९४, बाण अकरावर. अशी वर्तुळं गाडीभर असतात. कडेच्या सगळ्या भागांवर ९४-९५ आणि एकाच दिव्यावर २००३ निघालं, तर गाडी त्या कोपऱ्याला ठोकलेली आहे.

शंभरला दिली. एस्टीम असल्याचं मी शेवटपर्यंत नाकारलं नाही.

१२ मे, रविवार

मडगार्डचा खालचा पत्रा कापून नवा जोडला. साको पट्ट्या काढल्या, आत वाटीभर वाईची माती. रंग फक्त त्या मडगार्डला, ९०४. उन्हात किंचित वेगळा दिसतो. दिसू दे.

९ जून, रविवार

पाऊस, आणि वायपर अर्ध्यावर अडकला. १२४ ला एकच वायपर, पण तो नुसता गोल फिरत नाही. कोपऱ्याकडं जाताना लांब होतो, मधे आखूड, काचेवर इंग्रजी एमसारखी वाट काढतो आणि ८६ टक्के काच पुसतो. हे जमवणारा दांडा आणि गियर एका पेटीत असतात, आतलं ग्रीस वाळलं की मोटर बिचारी जळते. लोक मोटर बदलतात, दोन महिन्यांनी परत जळते. पेटी उघडली, ग्रीस मेणबत्तीसारखं घट्ट. रॉकेल मिळालं नाही, डिझेलनं धुतलं, नवं भरलं. आता पाऊस नसतानाही पोरगा चालू करून बघतो.

११ जुलै, गुरुवार

आरटीओ. रांगेत पुढं टेम्पो, मागं रिक्षा. नूतनीकरणाची फी ५,०००, पर्यावरण कर वेगळा, पावत्या फायलीत.

निरीक्षक तरुण, तिशीचे असतील. म्हणजे गाडीच्याच वयाचे. दिवे, हॉर्न, ब्रेक बघितले, मग गाडीभोवती एक चक्कर. मागं येऊन थांबले.

"मॉडेल कुठलं? मागं काही लिहिलेलं नाही."

"ई २२०, सर."

"आरसीवर तेच आहे. पण गाडीवर कुठंय?"

बोनेट उघडलं, नव्वदला उभं केलं. मागच्या भिंतीवरचं ग्रीस मी सकाळीच पुसून ठेवलं होतं. एजंटच्या पोरानं पारदर्शक टेप काढली, नंबरावर आधी पेन्सिल आडवी धरून हलक्या हातानं घासली, मग टेप दाबून अलगद उचलली. करड्या पट्टीत आकडे एकेक करून वर आले: एक, दोन, चार, शून्य, दोन, दोन. निरीक्षकांनी ती पट्टी फॉर्मवर चिकटवली, आरसीशी आकडा आकडा जुळवला आणि सही केली.

पोरानं सवयीनं दोन ठसे घेतले होते. दुसरा मी मागून घेतला, तो या पानावर चिकटवलाय. शेवटच्या दोनाचं शेपूट जरा पुसट आलंय.